मूत्रपिंडातील ग्लोमेरुलसची एकूण संख्या मोजायची आहे: छेद घेण्यापूर्वी स्टिरिओलॉजीविषयी मार्गदर्शन हवे

शारीर_सोलापूर

सर्वांना नमस्कार. मी सोलापुरात शरीररचनाशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. गरोदरपणात कमी प्रथिनांचा आहार दिलेल्या विस्टार जातीच्या उंदरांच्या पिल्लांमध्ये, ती मोठी झाल्यावर, मूत्रपिंडातील नेफ्रॉनची (रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म एककांची) संख्या कमी आढळते का, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. प्राणी समितीची मान्यता मिळाली असून सर्व मूत्रपिंडे फॉर्मॅलिनमध्ये सुरक्षित आहेत. पॅराफिन मेणात बसवून एकही ब्लॉक अजून कापलेला नाही, आणि म्हणूनच आत्ता विचारते आहे.

आमच्या विभागातील जुन्या प्रबंधांत प्रत्येक स्लाइडवरील दहा क्षेत्रे निवडून त्यांतील ग्लोमेरुलाय (प्रत्येक नेफ्रॉनच्या टोकाशी असणारा केशिकांचा एकेक गुच्छ म्हणजे ग्लोमेरुलस) मोजलेले आहेत आणि 'प्रति क्षेत्र सरासरी' अशी तुलना केलेली आहे. आराखडा सादर केला तेव्हा बाहेरून आलेल्या एका परीक्षकांनी ही पद्धत चालणार नाही, डायसेक्टर वापरा, असे सांगितले. कारण विचारण्याइतका वेळ मिळाला नाही. स्टिरिओलॉजीचे, म्हणजे सपाट छेदांवरून त्रिमितीय संख्या व आकार काढण्याच्या शास्त्राचे, वाचन सुरू केले आहे, परंतु बहुतेक लेखांत मोटर बसवलेला सूक्ष्मदर्शक आणि महागडे सॉफ्टवेअर गृहीत धरलेले दिसते. आमच्याकडे साधा रोटरी मायक्रोटोम (पातळ छेद कापणारे यंत्र), कॅमेरा जोडलेला एक सूक्ष्मदर्शक आणि एक संगणक एवढेच आहे. प्रति क्षेत्र मोजणीत नेमके काय चुकते, आणि आमच्या साधनांत योग्य मोजणी होऊ शकते का, हे कोणी सविस्तर सांगू शकेल का?

निवृत्त अध्यापक

आपण ब्लॉक कापण्याआधी विचारले हे फार बरे झाले. या विषयातील बहुतेक प्रश्न छेद घेऊन झाल्यावर येतात आणि तेव्हा उत्तर देण्यासारखे काही उरलेले नसते.

छेदावर आपल्याला ग्लोमेरुलस दिसत नाही, त्याचा काप दिसतो. एखादा ग्लोमेरुलस छेदात सापडेल की नाही हे त्याच्या उंचीवर अवलंबून असते, त्यामुळे मोठे ग्लोमेरुलाय अधिक वेळा कापले जातात आणि लहान निसटतात. क्षेत्रफळाच्या एककात दिसणाऱ्या कापांची संख्या म्हणजे घनफळाच्या एककातील खरी संख्या गुणिले सरासरी उंची. आता आपल्याच प्रयोगाकडे पाहा. नेफ्रॉन कमी असतील तर उरलेल्यांवर भार पडतो आणि त्यांचे ग्लोमेरुलाय फुगतात. समजा संख्या 20 टक्क्यांनी घटली आणि व्यास 25 टक्क्यांनी वाढला, तर 0.8 गुणिले 1.25 बरोबर 1. म्हणजे दोन्ही गटांत प्रति क्षेत्र मोजणी तंतोतंत सारखी येईल आणि आहाराचा काहीही परिणाम नाही असा निष्कर्ष आपण सद्हेतूने लिहून मोकळ्या व्हाल. परीक्षकांचा आक्षेप औपचारिक नाही. ज्या परिणामाचा शोध घ्यायचा आहे तोच ही पद्धत झाकून टाकते.

ही अडचण जुनी आहे. स्वीडनच्या विक्सेल यांनी 1925 मध्ये कापांच्या आकारांवरून मूळ गोलांची संख्या कशी काढावी याचे गणित मांडले आणि 1946 मध्ये अॅबरक्रॉम्बी यांनी छेदाची जाडी व कणाची उंची वापरून दुरुस्तीचे सूत्र दिले. परंतु दोन्हीकडे आकाराविषयी काहीतरी गृहीत धरावे लागते. कोणताही आकार गृहीत न धरता संख्या मोजण्याचा मार्ग 1984 मध्ये डायसेक्टरने खुला केला. तो लेख 'डी. सी. स्टेरिओ' या टोपणनावाने आला होता. त्या नावाची अक्षरे उलटसुलट मांडली की 'डायसेक्टर' हाच शब्द तयार होतो. शास्त्रीय नियतकालिकात एवढा मिश्कीलपणा क्वचितच पाहायला मिळतो.

तत्त्व सोपे आहे. एकमेकांना समांतर दोन छेद घ्यायचे, मधले अंतर ठाऊक हवे. पहिल्या छेदात जो ग्लोमेरुलस दिसतो पण दुसऱ्यात दिसत नाही, तेवढाच मोजायचा. प्रत्येक ग्लोमेरुलस, लहान असो वा मोठा, कोठेतरी एकदाच संपतो. आपण त्याचे टोक मोजत असतो, त्याचा काप नव्हे. अंतर मात्र सर्वांत लहान ग्लोमेरुलसच्या उंचीपेक्षा कमी हवे, नाहीतर एखादा दोन छेदांच्या मध्येच राहून जाईल. उंदरात व्यास साधारण 100 मायक्रोमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे 25 मायक्रोमीटर अंतर सोयीचे पडते.

दुसरा सापळा घनतेचा आहे. डायसेक्टर वापरूनही आपण 'प्रति घनमिलिमीटर इतके' एवढेच लिहून थांबलात तर पुन्हा फसाल. सोलापूरच्या वाचकांना हे सांगायला फार कष्ट नकोत: टॉवेल धुतल्यावर आटला की इंचात मोजलेले धागे वाढतात, पण म्हणून कोणी मागात जास्त धागे घातले असे म्हणत नाही. पॅराफिनमध्ये ऊती चांगलीच आकसते, आणि दोन्ही गटांत ती सारखीच आकसेल याची हमी नाही. त्यामुळे उत्तर नेहमी संपूर्ण मूत्रपिंडामागे द्यावे. त्यासाठी फ्रॅक्शनेटर पद्धत सर्वांत निर्धास्त आहे, कारण तिच्यात घनफळ, जाडी, आकसणे यांपैकी काहीही मोजावे लागत नाही. अवयवाचा ठरावीक अंश निवडायचा, त्यातील सर्व मोजायचे आणि अंशाच्या व्यस्ताने गुणायचे.

आपल्या साधनांत बसेल असे उदाहरण देतो. संपूर्ण मूत्रपिंड 5 मायक्रोमीटरचे छेद घेत कापले आणि त्याची लांबी ब्लॉकमध्ये 16 मिलिमीटर असेल तर सुमारे 3200 छेद होतील. 1 ते 200 मधील एक आकडा चिठ्ठी टाकून काढा. समजा 73 आला. मग 73, 273, 473 असे छेद ठेवा आणि प्रत्येकासोबत त्याच्या पुढील पाचवा, म्हणजे 78, 278, 478 हाही ठेवा. अशा 16 जोड्या मिळतील. जोडीतील अंतर पाच छेदांचे, टप्पा दोनशेचा, म्हणून छेदांचा अंश 40 मध्ये 1. प्रत्येक जोडीवर एकूण क्षेत्रफळाचा पाचवा भाग पाहा. मोजणी दोन्ही दिशांनी करा, म्हणजे 73 मध्ये आहे पण 78 मध्ये नाही आणि 78 मध्ये आहे पण 73 मध्ये नाही, असे दोन्ही घ्या, आणि बेरीज दोनाने भागा. 40 गुणिले 5 भागिले 2, म्हणजे मोजलेल्या संख्येला 100 ने गुणायचे. निरोगी प्रौढ उंदराच्या एका मूत्रपिंडात सुमारे 30,000 ग्लोमेरुलाय असतात. म्हणजे आपल्याला एका मूत्रपिंडामागे 300 च्या आसपास मोजावे लागतील. एका दुपारचे काम आहे.

यंत्रांची भीती नको. दोन्ही छेदांची छायाचित्रे घेऊन संगणकावर शेजारी शेजारी ठेवा. फिजी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि त्यात जाळी टाकता येते. मोजणीच्या चौकटीचा नियम मात्र काटेकोरपणे पाळा. चौकटीच्या डाव्या व खालच्या बाजूला आणि त्या बाजूंच्या वाढवलेल्या रेषांना जो काप किंचितही स्पर्श करतो तो सोडायचा. वरच्या व उजव्या बाजूला स्पर्श करणारा, वर्ज्य रेषेला लागत नसेल तर, घ्यायचा. गुंडरसन यांनी 1977 मध्ये हा नियम मांडला तो एवढ्यासाठीच की शेजारच्या चौकटीत तोच काप दुसऱ्यांदा मोजला जाऊ नये.

स्लाइड_आणि_निदान

सरांच्या माहितीविषयी आदर ठेवून थोडा विरोध नोंदवतो. मी विकृतिशास्त्रात रोज बायॉप्सी पाहतो. सुईने काढलेल्या तुकड्यात किती ग्लोमेरुलाय आले आणि त्यांतील किती कठीण झाले एवढ्यावर रुग्णाचे उपचार ठरतात आणि ते व्यवस्थित चालते. पदव्युत्तर विद्यार्थिनीने प्रत्येक मूत्रपिंडाचे 3200 छेद घ्यावेत ही अपेक्षा मला अवास्तव वाटते. केवळ संख्या हवी असेल तर मूत्रपिंडाचे तुकडे हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करून, ढवळून, त्या द्रवाच्या मोजक्या थेंबांतील ग्लोमेरुलाय मोजण्याची जुनी पद्धत आहेच. ती स्वस्त आहे आणि दोन दिवसांत उरकते.

निवृत्त अध्यापक

डॉक्टर, आपला मुद्दा अर्धा मान्य आहे. बायॉप्सीत आपण संख्या विचारतच नाही, उपस्थित ग्लोमेरुलायची अवस्था विचारता. तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याला आपली पद्धत योग्यच आहे. आम्लाची पद्धतही टाकाऊ नाही, आणि तीदेखील एक प्रकारचा फ्रॅक्शनेटरच आहे, कारण ठरावीक अंश घेऊन गुणले जाते. परंतु तिच्यात मूत्रपिंड संपते. ग्लोमेरुलसचे सरासरी घनफळ, बाह्यकाचे (मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराचे) घनफळ, नलिकांची स्थिती यांपैकी काहीही नंतर पाहता येत नाही, आणि या प्रयोगात संख्या घटल्याबरोबर आकार वाढला का हाच खरा रस आहे. शिवाय यांची मूत्रपिंडे आधीच फॉर्मॅलिनमध्ये घट्ट झालेली आहेत. पुढच्या तुकडीत एक मूत्रपिंड ताजे आम्लात आणि दुसरे छेदांसाठी असे केल्यास दोन्ही पद्धती एकाच प्राण्यात ताडून पाहता येतील. ते मी स्वतः वाचायला उत्सुक असेन.

माणसातील आकडे पाहिले की या मोजणीसाठी एवढा आटापिटा का करावा हे कळते. न्येनगार्ड आणि बेन्ट्सेन यांनी 1992 मध्ये याच पद्धतीने 37 माणसांची मूत्रपिंडे मोजली. सरासरी 6,17,000 आली, पण सर्वांत कमी 3,31,000 आणि सर्वांत जास्त 14,24,000. दोघेही निरोगी, आणि एकाकडे दुसऱ्याच्या चौपट नेफ्रॉन! जर्मनीत केलर व सहकाऱ्यांनी 2003 मध्ये अपघातात मृत्यू पावलेल्यांपैकी उच्च रक्तदाब असलेल्या दहा आणि नसलेल्या दहा व्यक्तींची तुलना केली. मध्यक अनुक्रमे 7,02,379 आणि 14,29,200 असे निघाले. माणसात नवे नेफ्रॉन गर्भाच्या साधारण 36 व्या आठवड्यापर्यंतच तयार होतात, पुढे आयुष्यभर तेवढ्यावरच भागवावे लागते. कमी वजनाच्या बाळाच्या वाट्याला मुळातच कमी नेफ्रॉन येतात आणि पुढे रक्तदाब वाढतो, ही ब्रेनर यांची 1988 ची कल्पना याच मोजणीवर तपासली गेली. प्रति क्षेत्र सरासरीने ती तपासताच आली नसती.

संख्या_पुणे

मी संख्याशास्त्र शिकवतो. कोठे किती कष्ट घ्यायचे याविषयी थोडे लिहितो, कारण नवे संशोधक बहुधा चुकीच्या जागी घाम गाळतात.

गटातील प्राण्यांमध्ये दिसणारा फरक दोन गोष्टींचा बनलेला असतो: प्राण्याप्राण्यांतील खरा फरक आणि आपल्या मोजणीतील अनिश्चितता. दोन्ही वर्ग करून मिळवल्या जातात. समजा गटात दिसणारा विचरण गुणांक (प्रमाणित विचलन भागिले सरासरी) 0.20 आहे, म्हणजे वर्ग 0.04, आणि प्रत्येक मूत्रपिंडाच्या मोजणीतील त्रुटीचा गुणांक 0.07 आहे, म्हणजे वर्ग 0.0049. एकूण फरकात मोजणीचा वाटा जेमतेम 12 टक्के. आता मोजणी दुप्पट अचूक करायची म्हणून आपण चौपट ग्लोमेरुलाय मोजले, तर 0.20 चे होईल 0.19. एवढ्यासाठी चौपट काम! त्याऐवजी गटात एखाद-दोन प्राणी जास्त घेतले तर कितीतरी अधिक फायदा होतो. गुंडरसन आणि ऑस्टरबी यांनी 1981 मध्ये हेच दाखवून दिले होते: अधिक प्राणी घ्या, प्रत्येकावर कमी मोजा. अर्थात प्राण्यांची संख्या समितीने मान्य केलेल्या मर्यादेतच ठेवावी लागेल, म्हणून आराखड्यातच हा हिशेब मांडलेला बरा.

आणखी एक गोष्ट. पहिला आकडा चिठ्ठीने आणि पुढचे ठरावीक अंतराने, या पद्धतशीर यादृच्छिक निवडीचा प्राण येथेच आहे. 73 वा छेद मूत्रपिंडाच्या टोकाला पडला आणि त्यात एकही ग्लोमेरुलस नसला तर शून्य लिहायचे. 'हा छेद चांगला नाही, शेजारचा घेऊ' असे एकदा जरी केले तरी प्रत्येक भागाला निवडीची समान संधी मिळण्याची अट मोडते. मग कितीही मोजा, चूक कमी होत नाही, फक्त ती चूक आपण अधिक ठामपणे सांगू लागतो.

दक्षिण_कसबा

मॅडम, मी सोलापुरातच एका प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे आणि मायक्रोटोमवर बरीच वर्षे काम केले आहे. 3200 छेद ऐकून घाबरू नका. सगळे छेद स्लाइडवर घ्यायचे नसतात. रिबन (एकमेकांना चिकटून येणाऱ्या छेदांची पट्टी) चालू ठेवायची, आकडा मोजत राहायचे आणि ठरलेली जोडी आली की तेवढीच उचलायची. आमच्या मायक्रोटोमला छेद मोजणारा गणक नाही, म्हणून एक जण चाक फिरवतो आणि दुसरा शेजारी हातातल्या मोजणी यंत्राचे बटण दाबतो.

खरी अडचण आपल्या हवेची आहे. एप्रिल-मेमध्ये पारा 42-43 च्या पुढे गेला की 58-60 अंशांना वितळणारे मेणसुद्धा ब्लॉकमध्ये नरम पडते, छेद चाकूवर दुमडतात आणि जाडी एकसारखी येत नाही. हे काम शक्यतो डिसेंबर-जानेवारीत काढा. उन्हाळ्यातच करावे लागले तर पहाटे करा, दर पन्नास-साठ छेदांनंतर ब्लॉकचा पृष्ठभाग बर्फावर टेकवा आणि पंखा बंद ठेवा, कारण वाऱ्याने रिबन उडते. बर्फावर ठेवलेला ब्लॉक किंचित आकसतो आणि पहिले दोन-तीन छेद कमी-जास्त जाडीचे येतात, म्हणून ठरलेल्या जोडीच्या अगदी तोंडावर ब्लॉक गार करू नका.

शारीर_सोलापूर

सर्वांचे मनापासून आभार. सर, आपले उदाहरण मी मार्गदर्शकांना दाखवले आणि त्यांनी आराखडा बदलण्यास संमती दिली आहे. दोन शंका उरल्या आहेत. ग्लोमेरुलसचे सरासरी घनफळही द्यायचे असल्यास वेगळे छेद लागतील का? आणि जोडीतील एखादा छेद फाटला तर काय करावे?

निवृत्त अध्यापक

वेगळे छेद नकोत. त्याच छेदांवर ठिपक्यांची जाळी टाका. सगळ्या ग्लोमेरुलायवर पडलेले ठिपके मोजा, एका ठिपक्याच्या वाट्याला येणाऱ्या क्षेत्रफळाने गुणा आणि पुन्हा दोन निवडक छेदांमधील अंतराने, म्हणजे आपल्या बाबतीत एक मिलिमीटरने, गुणा. सर्व ग्लोमेरुलायचे मिळून घनफळ मिळेल. त्याला एकूण संख्येने भागले की सरासरी. ठिपके मोजण्याचे मूळ खडकांच्या अभ्यासात आहे: फ्रेंच भूशास्त्रज्ञ देलेस यांनी 1847 मध्ये दाखवले की कापलेल्या पृष्ठभागावर खनिजाने व्यापलेला अंश हाच घनफळातील अंश असतो, रोझिवाल यांनी 1898 मध्ये क्षेत्रफळाऐवजी रेषा वापरल्या आणि 1930 च्या दशकात ग्लागोलेव्ह यांनी रेषांऐवजी ठिपके. समान अंतरावरील कापांवरून घनफळ काढण्याचे तत्त्व त्याहून जुने, गॅलिलिओंचे शिष्य काव्हालिएरी यांचे, 1635 चे. एका मूत्रपिंडामागे सर्व छेदांवर मिळून दोनशेच्या आसपास ठिपके लागले तरी पुरे. कडा माउसने गिरवत बसण्यापेक्षा हे लवकर होते. घनफळावर मात्र आकसण्याचा परिणाम होतोच, संख्येवर नाही. त्यामुळे मूत्रपिंडाचे घनफळ ब्लॉक करण्यापूर्वी पाण्यातील वजनावरून काढून ठेवा, आणि नंतर छेदांवरून आलेल्या घनफळाशी ताडून किती आकसले ते प्रबंधात द्या.

संख्या आणि घनफळ यांसाठी मूत्रपिंड कोणत्या दिशेने कापले याने फरक पडत नाही. पुढे केशिकांची लांबी किंवा पृष्ठफळ मोजण्याचा मोह झाला तर मात्र दिशाही यादृच्छिक असावी लागते, आणि त्याचा निर्णय ब्लॉक करण्यापूर्वी घ्यावा लागतो. आत्ता तो विषय वाढवू नका.

छेद फाटल्यास आकडा पुढे सरकवायचा नाही. फाटलेला, उडालेला, पाण्यात विरघळलेला प्रत्येक छेद क्रमांकात धरायचा. फाटलेल्या भागाबाहेर पडणाऱ्या चौकटी नेहमीप्रमाणे मोजा. जोडीतील दुसरा छेद पूर्ण गेला असेल तर त्याच्या आधीचा, म्हणजे चौथा, वापरा. त्या जोडीचे अंतर 25 ऐवजी 20 मायक्रोमीटर झाले, म्हणून फक्त त्या जोडीत मोजलेल्या संख्येला 5/4 ने गुणा आणि तशी नोंद वहीत त्याच दिवशी करा. अशा वेळी हाताशी असावा म्हणून प्रत्येक जोडीत चौथा छेदही पहिल्यापासूनच स्लाइडवर उचलून ठेवा. तो बहुधा रंगवावाही लागणार नाही.